आधी गवत, मग गाय

प्रति,
मा. पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात १९ जिल्हे आले आणि त्यांत हिंगोलीही आला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या टप्प्याला मान्यता दिली आणि सुमारे १४९ कोटी रुपयांची तरतूद केली. जास्त दूध देणाऱ्या गायी-म्हशी अनुदानावर, कडबाकुट्टी यंत्रे, मुरघास, वांझपणावर उपचार असा त्याचा पसारा आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. दुधाच्या पैशावर पश्चिम महाराष्ट्रात घरे उभी राहिली, मुले शिकली. हिंगोलीतल्या कयाधू नदीच्या खोऱ्यातल्या माणसाने मात्र वर्षातून एकदा येणाऱ्या सोयाबीन-हळदीच्या पैशावरच संसार ओढला. दर दहा-पंधरा दिवसांनी हातात रोकड देणारा जोडधंदा इथे रुजावा, अशी गरज कितीतरी वर्षांची आहे.

तेव्हा हे पत्र त्या निर्णयाच्या विरोधात नाही. या गायी आखाडा बाळापूर, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या गोठ्यांत येतील तेव्हा त्या काय खातील आणि कुठे फिरतील, एवढ्या प्रश्नासाठी ते लिहिले आहे. योजनेचा भर गाय दावणीला बांधून तिच्यापुढे चारा आणि खुराक आणून टाकण्यावर आहे. शिवारात गवत वाढवावे, गुरांनी ते पाळीपाळीने चरावे आणि त्या गवतावर दुधाचा धंदा उभा करावा, ही वाट त्यात कुठे ठळक दिसत नाही. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू मुलखात तीच वाट जास्त काळ टिकेल, असे या पत्राचे म्हणणे आहे.

आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांची हळद आणि सोयाबीन इथल्या बाजारात उतरते. एका पिढीपूर्वी याच शिवारात खरिपाची संकरित ज्वारी मोठ्या प्रमाणात असे. ज्वारीने माणसाला भाकरी दिली आणि जनावराला कडबा. सुगी आटोपली की शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजी लागत आणि त्यांच्या भरवशावर उन्हाळा निघे. सोयाबीन आले तशी ज्वारी हटली. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावता येणार नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत निघून रोख पैसा देणारे पीक तो घेणारच. पण मळणी यंत्रातून कुटार निघते, ते जनावर नाइलाजाने खाते. हळद तर शेत आठ-नऊ महिने अडवते आणि तिच्या पाल्याला वैरण म्हणून कोणी हात लावत नाही. भरीस भर म्हणून बांध कोरले गेले, उरलेल्या बांधांवर तणनाशक फिरले. मजूर बाई संध्याकाळी घरी जाताना बांधावरून गवताचा भारा डोक्यावर घेऊन जायची आणि त्यावर तिची एक शेळी किंवा म्हैस जगायची. तो भाराही गेला. चारा कमी झाला तो असा, हळूहळू, कुणी ठरवून न करता.

झाशीची भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच विषयावर काम करते आहे. तिच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट ११ टक्क्यांच्या वर, सुक्या चाऱ्याची २३ टक्क्यांच्या वर आणि खुराकाची जवळजवळ २९ टक्के आहे. ही सगळ्या देशाची सरासरी झाली. मराठवाड्यात पाऊस दगा देतो त्या वर्षी ही तूट किती होते, ते चारा छावण्यांनी अनेकदा दाखवले आहे.

आता या तुटीत मोठी गाय आणून बांधा. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या, भरपूर दूध देणाऱ्या संकरित गायीला दिवसाला पंधरा किलोच्या आसपास कोरडा अंश लागतो. तो हिरव्या चाऱ्यातून द्यायचा तर बागायती जमीन हवी, विहिरीला उन्हाळ्यात पाणी हवे. नाही तर ढेप, पेंड, गोळी पेंड विकत आणायची. दुधाच्या उत्पादन खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचाच असतो. म्हणजे बंदिस्त गोठ्यातला शेतकरी दूध विकतो आणि त्यातला मोठा वाटा पेंडीच्या दुकानात देऊन येतो. दूधदर पडला की त्याच्या हातात शेणच उरते.

आणि दर पडतात, हे आपल्या खात्याइतके कोणाला ठाऊक असणार? जुलै २०२४ पासून ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला संघांनी ३० रुपये द्यावेत आणि सरकारने ५ रुपये अनुदान द्यावे, असे ठरले. ऑक्टोबरपासून तेच २८ आणि ७ झाले. शेतकऱ्याच्या ३५ रुपयांतला पाचवा हिस्सा सरकारी तिजोरीतून आला. संकटात हे अनुदान दिले ते योग्यच केले. पण जे दूध विकत घेतलेल्या पेंडीवर निघते, त्याला दर मंदीच्या वेळी असाच टेकू द्यावा लागेल. आजचा धंदा टिकवायचा तर खाद्याचा खर्च खाली आणणे हाच त्यातला सर्वांत मोठा उपाय आहे, आणि जनावराने स्वतः चालत जाऊन खाल्लेल्या गवताइतके स्वस्त खाद्य दुसरे नाही. ते कापावे लागत नाही, वाहावे लागत नाही, त्याची कुट्टी करायला वीज लागत नाही. शेण जिथे पडते तिथेच खत होते.

बंदिस्त दूध धंद्याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे, तो मुंबईच्या तबेल्यांचा. शहराच्या पोटात म्हशी बांधल्या, चारा बाहेरून आणला, शेण नाल्यांत गेले. म्हैस आटली की गावी नेऊन पुन्हा गाभण घालण्यापेक्षा विकून टाकणे स्वस्त पडे. चांगल्या चांगल्या म्हशी एका वेतातच संपल्या आणि पारड्यांचे हाल झाले. हे तबेले शहराबाहेर काढण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. १,२८७ हेक्टर जागा, ३२ तबेले आणि १६,००० जनावरे एवढा तो मोठा प्रयोग होता. तिथे पॅरा गवताची शेती झाली, पण म्हैस बांधलेलीच राहिली. भाकड जनावर आणि नर वासरू यांचे काय करायचे, हा प्रश्न बंदिस्त पद्धतीला तेव्हाही सुटला नव्हता आणि आजही सुटलेला नाही. विकतच्या पेंडीवर भाकड गाय पोसणे कोणालाच परवडत नाही. गायरानावर चरणारी भाकड गाय मात्र मालकाच्या खिशातून फारसे काही नेत नाही. पुढच्या वेतापर्यंत ती थांबू शकते.

फलटण भागातून पसरलेला मुक्त संचार गोठा ही या पद्धतीतली चांगली सुधारणा आहे. गाय दाव्यातून सुटते, कुंपणाच्या आत हवी तिथे बसते, हवे तेव्हा पाणी पिते. खुरांचे आणि कासेचे आजार कमी होतात, घरातल्या बाईचे शेण काढण्याचे कष्टही कमी होतात. ज्याच्याकडे जागा आहे त्याने तो करावाच. खाद्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, कारण मोकळ्या गोठ्यातही गव्हाण बाहेरून भरावी लागते.

गायींच्या जातीबद्दलही बोलले पाहिजे. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर हा लाल कंधारीचा मुलूख. शेजारची देवणी उदगीर-देवणी भागातली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायींना 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले, त्या निर्णयात मराठवाड्याच्या म्हणून याच दोन जातींची नावे आहेत. लाल कंधारी एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध देते. संकरित गायीच्या आकड्यापुढे हे काहीच नाही, आणि म्हणूनच ती हटत गेली. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातला देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला आणि संकरित-विदेशी जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढला. पण दूध हा लाल कंधारीचा एकच गुण कधीच नव्हता. तिचे गोऱ्हे काळ्या जमिनीत औत ओढतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा ती उभी राहते, आणि कुसळी गवतावरही अंगाने टिकून राहते. आपल्या उन्हात होल्स्टीन रक्ताची गाय धापा टाकते, तिचे दूध उतरते, ती माजावर येत नाही, आणि मग औषधाचा खर्च सुरू होतो.

याचा अर्थ सगळ्यांनी लाल कंधारीच पाळावी असा नाही. दुधाचा धंदा करायचा तर मराठवाडी म्हैस आहे. तिच्या दुधाला फॅट चांगली लागते, आणि फॅटवर भाव मिळत असेल तर थोड्या दुधातही पैसा होतो. कमी विदेशी रक्ताची, हलक्या अंगाची संकरित गायसुद्धा सकाळ-संध्याकाळ चरू शकते. प्रश्न जातीपेक्षा पद्धतीचा आहे. गवतावर दुधाचा पाया आणि वरून गरजेपुरता खुराक, असा क्रम लागला की पाच-सात लिटरची गायही शेतकऱ्याला पुरते. खुराकावर पाया ठेवला तर वीस लिटरची गायही कर्जात घालते.

आता गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांना मोफत चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. गायरानाला कायद्यात जागा आहे ती अशी. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली. त्यावर महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला तेव्हा राज्यातल्या दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांची चर्चा झाली. गावोगावी नोटिसा गेल्या, माणसे हवालदिल झाली.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट असली पाहिजे. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांत मोठा वाटा दलित आणि भूमिहीन कुटुंबांचा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह केले. १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय पुढे सरकारनेच घेतले. जगपाल सिंग निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद न्यायालयाने नमूद केला आहे. गवताच्या नावाखाली या कुटुंबांना उठवायचे असेल तर असे गवत नको. त्यांच्या दोन-तीन एकरांनी गायरान संपलेले नाही. गायरानाचे खरे नुकसान झाले ते दुर्लक्षाने. कोणी त्याचे मालक नाही म्हणून सगळ्यांनी ते बारमाही ओरबाडले आणि कोणी त्यात एक ठोंबही लावले नाही. मुरूम तिथून उपसला, उकिरडे तिथे टाकले. उरलेल्या जागेकडे आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे लक्ष आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण 'पडीक' म्हणून सौर पॅनेलखाली जाणारी प्रत्येक एकर जमीन खरोखर पडीक होती का, हे पाहणाऱ्या समितीत पशुसंवर्धन खात्याचा माणूस असला पाहिजे. आज त्या जमिनीकडे पाहताना महसूल खाते क्षेत्र पाहते, वीज कंपनी उपकेंद्राचे अंतर पाहते. गवत कोणी पाहत नाही.

गवत आले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे केली आणि कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही पाळली. डोंगरावर गवत आले, गावकऱ्यांनी ते कापून न्यायचे ठरवले. गावचे दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होते, ते पुढे काही हजार लिटरांवर गेले. या यशाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की बघा, तिथे तर चराई बंदच केली! म्हणणे बरोबर आहे, आणि त्यातच या पत्राचा मुद्दा आहे. हिवरेबाजारने आधी गवताला विश्रांती दिली. गायी नंतर वाढल्या. मोकाट चराई आणि नियोजित चराई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फ्रेंच अभ्यासक आंद्रे व्हॉझँ यांनी १९५७ मध्ये गवताच्या उत्पादकतेवर पुस्तक लिहिले. त्यांचे सूत्र सोपे आहे. कुरणाचे तुकडे करा, एका तुकड्यात गुरे थोडेच दिवस ठेवा आणि तिथले गवत पुरते फुटल्याशिवाय गुरांना परत आत सोडू नका. न्यूझीलंडने आपला दूध धंदा याच रीतीने चालवला. तिथल्या वायकाटो भागात १९३० च्या दशकात बिल गॅलाघर यांनी विजेच्या कुंपणाची यंत्रे बनवायला सुरुवात केली, आणि एका तारेने कुरणाचे तुकडे पाडणे सोपे झाले. हे तंत्र बाळापूरला परके नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायला इथला शेतकरी सौर झटका मशीन लावतोच. तीच तार दर चार दिवसांनी पुढे सरकवली की गायरानात गुरांची पाळी लागते. चाळीस-पन्नास हजारांची भिंत नको, दगडी कुंपण नको.

न्यूझीलंडचे सगळेच अनुकरण करण्यासारखे मात्र नाही. तिथे गायी वाढत गेल्या, कुरणांवर युरिया पडत गेला आणि नद्यांत नायट्रेट उतरले. शेवटी जुलै २०२१ पासून हेक्टरी १९० किलो कृत्रिम नत्राची मर्यादा सरकारला घालावी लागली. चरणारी गाय आपोआप पर्यावरणाची मित्र होत नाही. हाच इशारा मिथेनबाबतही लागू आहे. निकृष्ट, वाळलेल्या गवतावर एक-दोन लिटर देणारी गाय लिटरमागे जास्त मिथेन सोडते. म्हणून गवत फुलोऱ्यात असतानाच चरायला किंवा कापायला हवे, त्यात शेंगवर्गीय स्टायलो, दशरथ मिसळायला हवे, आणि गावाने जनावरांची संख्याही गवताच्या मापात ठेवायला हवी. आपल्याकडे गवत दिवाळीनंतर, बी झडून काडी झाल्यावर कापतात. तोवर त्यातली प्रथिने गेलेली असतात. कापणी महिनाभर अलीकडे आणली, तर त्याच जमिनीतून जास्त दूध निघेल आणि त्याला एक रुपयाही अनुदान लागणार नाही.

दुसरे उदाहरण कच्छमधल्या बन्नीचे. बन्नी हे आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक, पाऊस मराठवाड्याच्या निम्माही नाही. तिथले मालधारी म्हशी रात्री चरायला सोडतात. उन्हाची काहिली टळते, म्हशी अंधारात मैलोन्‌मैल चरतात आणि पहाटे दूध द्यायला आपल्या वाड्यावर परततात. बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, ती गोठ्यातल्या संशोधनातून नव्हे तर या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या रीतीतून. मग गावात दूध शीतकरणाची सोय झाली आणि त्या गवतावरचे दूध डेअरीला जाऊ लागले. एप्रिल-मे मध्ये पहाटे चार ते नऊ आणि सूर्य मावळल्यावर चराई, हा क्रम हिंगोलीतही बसवता येईल. कुरणाजवळ पाण्याचा हौद आणि चार-दोन बाभळी-हिवरांची सावली मात्र हवी.

आता साधा हिशेब. ओरबाडलेल्या गायरानातून हेक्टरी टनभर कोरडे गवत निघाले तरी खूप झाले. विश्रांती दिली, मारवेल, शेडा, पवना, अंजन यांसारखी गवते लावली, चर खोदून पाणी मुरवले, तर तीन-चार टन मिळू शकते. त्यातले तीन टन धरा. अर्धे जमिनीवर ठेवलेच पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षी मुळे उरणार नाहीत. उरलेल्या दीड टनावर, रोज आठ किलो खाणारी तीनशे किलोची एक गाय सहा महिने निघते. म्हणजे चाळीस हेक्टर गायरान असलेल्या गावात चाळीस गायींचे अर्धे वर्ष. सगळ्या गावाचे दूध त्यावर होणार नाही, तसा दावाही नाही. उरलेल्या सहा महिन्यांसाठी ज्वारीचा कडबा, बांधावरचे गवत, मुरघास लागेलच. पण वर्षाचा अर्धा चारा जर विकत घ्यायचा नसेल, तर दूधदर दोन रुपयांनी पडला म्हणून कोणी गाय बाजारात नेणार नाही.

या हिशेबात हळदही येते. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहिले. हळदीला हेक्टरी २५ टन किंवा त्याहून अधिक शेणखताची शिफारस असते. ज्या तालुक्यात गुरे कमी होत आहेत, तिथे हे शेणखत येणार कुठून? धनगरांची मेंढरे शेतात रात्री बसवण्याची आणि त्याबद्दल त्यांना धान्य किंवा पैसे देण्याची रीत इथे जुनी आहे. गायरानावरून परतणाऱ्या गुरांचा कळपही हळदीच्या रिकाम्या शेतात असाच बसवता येईल. शेण आणि मूत्र दोन्ही जागेवर मुरेल, ट्रॉलीचे भाडे वाचेल. दूध आणि हळद हे दोन धंदे असे एकमेकांना धरून उभे राहू शकतात.

अडचणी आहेतच. गुरे एकत्र आली की रोग पसरतो. २०२२ मधला लंपीचा अनुभव ताजा आहे, तेव्हा लसीकरणात ढिलाई चालणार नाही. सर्वांत नाजूक अडचण गुराख्याची. पूर्वी गुरे राखायला पोरे जात आणि त्यांची शाळा बुडे. ते दिवस परत आणायचे नाहीत. गुराखी हा प्रौढ माणूस असावा, त्याला रोजगार हमीच्या दराने तरी रोज मिळावा आणि त्याला गवत, तार, लस, पाणी यांचे शिक्षण द्यावे. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत पक्क्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये मिळतात. गोशाळेतल्या देशी गायीमागे रोज ५० रुपये मिळतात. सिमेंटच्या गोठ्याला आणि गोशाळेतल्या गायीला पैसा आहे, तर चाळीस घरांची गुरे राखणाऱ्या माणसाला का नसावा? गायरान ज्यांच्या वाट्याला आलेले नाही अशा भूमिहीन कुटुंबांना हे काम आणि गवताच्या कापणीचा हक्क पहिल्यांदा मिळाला, तर गायरान आणि भूमिहीन यांच्यातले वैरही मिटेल.

राजस्थानच्या पंचायत राज नियमांत चरागाह विकास समितीची तरतूद आहे. गावाची समिती कुरण राखते, कधी उघडायचे आणि कधी बंद ठेवायचे ते ठरवते. महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांतून गावे पाण्यासाठी एकत्र आली, जलयुक्त शिवाराचे काम झाले. गवतासाठी असे काही झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने परिसंवाद होतील, फलक लागतील. त्यापेक्षा एखाद्या तालुक्यात खरे गवत उगवलेले बरे.

म्हणून विनंती अशी, की दुग्धविकास प्रकल्पाच्या हिंगोलीच्या वाट्यातला काही भाग कळमनुरी तालुक्यातल्या निवडक गावांच्या गायरानांसाठी वेगळा काढावा. जिथे अनुदानावर गायी द्यायच्या, तिथे आधी चाऱ्याची नोंद पाहावी: किती गायरान, किती बांध, किती ज्वारी. संकरित गाय नको असलेल्या शेतकऱ्याला त्याच अनुदानात मराठवाडी म्हैस किंवा चांगल्या वळूची लाल कंधारी कालवड निवडता यावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आणि तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे या भागातल्या जनावरांचे ज्ञान आहे, राहुरीच्या विद्यापीठाकडे मारवेलसारख्या गवतांच्या सुधारित जाती आहेत. त्यांना या गावांत आणून बसवावे. दूध संकलन केंद्राचे शीतयंत्र गायरानाच्या गावाजवळ यावे, नाही तर संध्याकाळचे दूध नासेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

पहिले काम फार खर्चाचे नाही. भूमी अभिलेख खात्याकडून या गायरानांची मोजणी करून घ्यावी, कसणाऱ्या भूमिहीनांचे क्षेत्र त्यात वेगळे आणि सुरक्षित दाखवावे, आणि तो नकाशा १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवावा. १ मे हा हिंगोली जिल्ह्याच्या स्थापनेचाही दिवस आहे. १९९९ साली त्याच दिवशी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर मृगाला महिनाभर उरतो. तेवढ्यात चर खोदून होतात, ठोंब आणून ठेवता येतात. पहिल्या पावसात लावणी केली तर पहिल्या वर्षी गुरे आत सोडायची नाहीत, फक्त फुलोऱ्यात एक कापणी घ्यायची. ती कापणी ऑक्टोबरमध्ये येईल. तेव्हा आपण स्वतः बाळापूरला यावे, एखाद्या गायरानातल्या गवताचे वजन शेतकऱ्यांसमोर करून पाहावे, आणि त्या आकड्यावरून पुढच्या गायी किती द्यायच्या ते ठरवावे.

कळावे,

आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली